मेलेल्यांचं उष्टं

पाद्रीबाबा मेलेल्यांचं उष्टं खातात, अशी एका वर्षी गावभर कुजबुज झाली होती. कुजबुज म्हणायची आपली एक पद्धत. नाहीतर न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्यापेक्षा तीच जास्त चाले. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ‘छे, काहीतरीच तुमचं’ म्हणायचं, आणि तिसऱ्याच्या कानात ओतताना त्यात पदरचं तिखटमीठ घालायचं. शेवटी शेवटी तर बाबा चमचा घेऊन बसतात, इथपर्यंत मजल गेली.

अफवेला पाय नसतात म्हणतात. हिला निदान वहाणा तरी होत्या, कारण मेलेल्यांचं उष्टं बाबांच्या घरात खरोखरच होतं. थोडंथोडकं नाही, पोत्यांनी होतं.

गाव समुद्राकाठचं, आणि गावाबाहेर एक टेकाड. ते टेकाड देवाने केलं असं लोक समजत. केलं होतं माणसांनी, जेवून जेवून. हजारो वर्षांपूर्वी तिथं वस्ती होती. ती माणसं किनाऱ्यावरून शिंपले आणत, आतला जीव खात आणि कवचं घरामागे भिरकावत. बापाने भिरकावली, लेकाने भिरकावली, पणतवंडांनी भिरकावली. त्यावर माती चढली, गवत चढलं, आणि हल्लीच्या काळात गावातली नवीन लग्न ठरलेली जोडपी चढली. आपण एका भल्यामोठ्या जेवणाच्या उकिरड्यावर बसून गुलुगुलु बोलतोय, हे त्यांना कोण सांगणार?

मग एके दिवशी खोदकामवाल्या बाई आल्या. डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी, आणि जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन आखायची हौस. मडक्यांच्या खापरांतलं त्यांना सगळं कळे, शिंपल्यांतलं ओ की ठो कळत नसे. कुणीतरी म्हणालं, ‘चर्चमागे एक वेडा राहतो, त्याला विचारा.’ बाई गेल्या. बघतात तर मोरीत बुटक्या स्टुलावर बाह्या सरसावून पाद्रीबाबा बसलेले, हातात दात घासायचा ब्रश, पुढ्यात बादलीभर शिंपले. बाईंनी ओळख करून द्यायच्या आत बाबा म्हणाले, “जरा ती दुसरी बादली सरकवता का इकडे?” एवढ्यावर त्यांची मैत्री जमली ती कायमची.

बाबा तरुणपणी परमुलखातून मिशनच्या कामावर आले होते. पहिल्या वर्षी त्यांना कुणाचं बोलणं कळेना आणि त्यांचं कुणाला कळेना. तेव्हा संध्याकाळी ते किनाऱ्यावर जाऊन बसायचे आणि शिंपले उचलायचे, कारण शिंपले प्रश्न विचारत नाहीत आणि उत्तर चुकलं तर हसतही नाहीत. पुढे भाषा आली, माणसं आली, पण शिंपल्यांची सोबत सुटली नाही. कामात मात्र बाबांनी कधी अंग चोरलं नाही. कुणी आजारी पडलं की उशाशी ते, कुणी गेलं की मातीला ते, आणि कुणाचं लग्न लागलं की सगळ्यात शेवटी जेवणारे ते. फक्त खिशात हात घातला की किल्लीच्या आधी शिंपला निघायचा. गावाने त्यांचं नाव शिंपलेबाबा पाडलं होतं.

या सगळ्याची झळ कुणाला लागली असेल तर पाद्रीणबाईंना. लग्न करून आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या पडद्यांचं टापटिपीचं घर होतं. पदरात पडल्या बादल्या. जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू डाव्या झडपांना, अर्धी उजव्या झडपांना. शिंपल्याला दाराला असतात तशा दोन झडपा असतात ना, त्या वेगळ्या केल्या नाहीत तर एकच जीव दोनदा मोजला जातो, असं बाबांचं म्हणणं. ताटं कुठे मांडायची यावर त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. ताडून बघायला ताजे शिंपले हवेत म्हणून ते पाद्रीणबाईंच्या सुपाच्या पातेल्यात जिवंत कालवं उकळत. त्या वासाने एकदा पोस्टमन दारातूनच परत गेला होता.

आणि घराची ती भिंत! समुद्राकडच्या बाजूने कायम ओली. तिने पाद्रीणबाईंच्या छातीत खोकला घातला तो ठाण मांडूनच बसला. त्यांची एकुलती लेक लांब आतल्या भागात, कोरड्या हवेच्या गावी नांदत होती आणि तिला दिवस गेले होते. त्याच गावच्या चर्चमधली पाद्रीची जागा रिकामी झाली होती. व्हरांडा असलेलं कोरडं घर, आणि लेकीचं दार हाकेच्या अंतरावर. पाद्रीणबाईंनी त्या घराचे पडदेसुद्धा मनातल्या मनात शिवून टाकले होते.

“अहो, अर्ज करताय ना?”

“करतो की. एवढं पोतं संपू दे.”

“पोतं संपतं आणि दुसरं येतं. समुद्राचा तळ लागेल, तुमच्या पोत्याचा नाही लागायचा.”

“अगं, हे बघ तर खरं, या काठावरच्या रेघा...”

“माझ्या कपाळावरच्या बघा आधी!”

त्या रेघांचं असं आहे. झाडाला जशी वलयं, तशा शिंपल्याला रेघा. उन्हाळ्यात भराभर वाढतो, रेघा लांब लांब पडतात. थंडीत वाढ मंदावते, रेघा दाटीवाटीने बसतात. शेवटची रेघ काठाशी कशी पडली आहे हे भिंगातून बघून बाबा सांगत, ‘हा थंडीत खाल्ला.’ चार हजार वर्षांपूर्वीच्या एका जेवणाचा ऋतू! ज्यांची नावं गेली, भाषा गेली, हाडंसुद्धा मातीला मिळाली, त्यांना अमक्या दिवसांत गारठ्यात भूक लागली होती, हे मोरीत बसलेला एक माणूस सांगत होता. सांगताना त्याचा आवाज खाली जाई, चर्चमध्ये जाई त्याहूनही खाली.

आता जिभेचं. टेकाडावर सगळेच शिंपले जुने नव्हते. पक्षी वरून शिंपले आपटून फोडत, खोदणारे मजूर दुपारी खाऊन तिथेच टाकत. जुना कुठला आणि कालचा कुठला? बाबांची साधी रीत होती. धुवायचा, सुकवायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. पण दाराच्या फटीतून बघणाऱ्याला काय दिसणार? धर्मोपदेशक जीभ बाहेर काढून उकिरडा चाटताना दिसणार.

मिशनच्या मोठ्या पाळकांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांचा निरोप आला, शनिवारी येतो. गोष्ट खरी निघाली तर शिंपलेबाबांना समुद्रापासून लांब हलवायचं आणि लेकीच्या गावच्या त्या रिकाम्या जागेवर बसवायचं, असं त्यांनी ठरवलंच होतं. पाद्रीणबाईंनी निरोप ऐकला आणि त्या पडदे धुवायला लागल्या. बाबा मात्र पहिल्यांदाच ब्रश हातात धरून नुसते बसून राहिले. इथून गेलं की शिंपले संपले, हे त्यांनाही कळत होतं.

शुक्रवारी दुपारी खोदकामवाल्या बाई बुटांचा एक खोका छातीशी धरून आल्या.

“बाबा, हे टेकाडावरच्या एका घराच्या आत सापडले. चुलीच्या कोपऱ्यात. मागच्या ढिगाऱ्यातले नव्हेत. जेवणाचेच ना?”

बाबांनी एक शिंपला उचलला, खिडकीकडे धरला, आत बघितलं. दुसरा उचलला. तिसरा. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाद्रीणबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरूनच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात बाबांनी एकच शिंपला दोनदा तपासलेला त्यांना आठवत नव्हता.

“अगं, इकडे ये. आत बघ. या वेड्यावाकड्या पांढऱ्या नळ्या दिसतात?”

“दिसतात. घाण आहे ती.”

“घर आहे ते! समुद्रातल्या किड्यांचं. आणि हा ठिपका म्हणजे कालवाचं पिल्लू, आत येऊन चिकटलेलं. शिंपल्यातला जीव जिवंत असता तर हे आत शिरले असते का? शिंपला मेला, उघडा पडला, समुद्रात लोळला, यांनी आत बिऱ्हाड केलं, आणि मग तो वाहून किनाऱ्याला लागला. सगळ्यांचं तसंच आहे. यात खायला काही नव्हतंच.”

“मग आणले कशाला?” बाईंनी विचारलं.

“तेच तर! भांडं होत नाही, हत्यार होत नाही, मणीही केलेला नाही. सगळे मात्र आतून गुलाबी.” बाबांनी खोक्याकडे बघितलं. “कुणीतरी वाकलं, उचलला, आणि टेकाड चढून घरी आणला. आवडला म्हणून. दुसरं कारणच नाही.”

चार हजार म्हणजे किती, हे आकड्यावरून कुणाला कळत नसतं. पण ओल्या वाळूत वाकलेली एक पाठ तिघांनाही दिसली, आणि ती अगदी परवाची होती.

मग बाई म्हणाल्या, “एक गंमत सांगायची राहिलीच. त्या घराची जमीन मातीने चार वेळा लिंपलेली आहे. एकावर एक थर स्पष्ट दिसतात. पण त्या कोपऱ्यात प्रत्येक थर शिंपल्यांना वळसा घालून गेलाय.”

“वळसा घालून?” पाद्रीणबाईंनी कप खाली ठेवला.

“हो. लिंपणाऱ्याने ते टाकले नाहीत. हलवलेसुद्धा नाहीत. बोटांचे ठसे आहेत मातीत, शिंपल्यांच्या कडेकडेने.”

पाद्रीणबाईंनी टेबलाकडे बघितलं. डाव्या झडपा, उजव्या झडपा, आणि मधे पुसून लख्ख केलेली दोन ताटांपुरती जागा. रोज सकाळी त्या हे टेबल पुसत. रोज त्या ढिगांना वळसा घालून पुसत, आणि रोज पुटपुटत.

“तीही बडबडली असेल हो,” त्या हळूच म्हणाल्या. “चांगली कडाकडा बडबडली असेल.”

“कोण?” बाबांनी विचारलं.

“असेल कुणीतरी. चहा घ्या, गार होतोय.”

शनिवारी मोठे पाळक आले. अंगाने उंच, आवाजाने जड, आणि भुवया इतक्या दाट की पाऊस पडला तर डोळ्यांना छत्री नको. बाबा तेव्हा एका आजाऱ्याच्या उशाशी गेले होते. मोठे पाळक स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी थेट विषयाला हात घातला.

“वहिनी, लोक काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. मला चौकशीचा घोळ घालायचा नाही. हे उष्टं चाटणं वगैरे खरं आहे, एवढं तुमच्या तोंडून कळलं तरी पुरे. पुढच्या महिन्यात तुम्ही लेकीजवळ असाल. तुमच्याही तब्येतीला बरं.”

इतके दिवस जे हवं होतं ते असं आयतं पुढ्यात आलं होतं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं, आणि गंमत म्हणजे ते खोटंही ठरलं नसतं. पाद्रीणबाईंना लेकीचा व्हरांडा दिसला. कोरडी भिंत दिसली. खोकल्याची एक उबळ आली, ती त्यांनी पदरात जिरवली.

मग त्या उठल्या आणि टेबलावरचा नखाएवढा एक तुकडा घेऊन आल्या.

“जीभ काढा.”

“काय?”

“भावजी, जीभ काढा. लहान मुलासारखं करू नका.”

मोठ्या पाळकांना जीभ काढा असं आईनंतर कुणी म्हटलं नसावं. त्यांनी काढली. पाद्रीणबाईंनी तुकडा टोकाला लावला आणि हात सोडला. तुकडा पडला नाही. जिभेला धरून लटकत राहिला.

“अवोअव इअअअय!” मोठे पाळक म्हणाले. म्हणजे, खरोखर चिकटतंय.

“आतला सगळा ओलावा, सगळा जीव मातीने शोषून घेतलाय. आता ओल दिसली की तो धरतो. कालचा शिंपला असा धरत नाही. तुमच्या जिभेला आता जे लोंबतंय ना, ते चार हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ताटात होतं.”

नेमकी त्याच क्षणी दूधवाली दारात आली. तिने मोठ्या पाळकांची जीभ बघितली, जिभेवरचा शिंपला बघितला, किटली उंबऱ्यावरच ठेवली आणि आल्या पावली परत फिरली. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की हे वरपासून खालपर्यंत सगळेच खातात.

पण मोठ्या पाळकांना त्याचं भान नव्हतं. तुकडा तळहातावर घेऊन ते त्याच्याकडे बघतच राहिले. पाद्रीणबाईंनी खोका उघडून एकेक गुलाबी शिंपला दाखवला, किड्यांच्या नळ्या दाखवल्या, लिंपलेल्या जमिनीचं सांगितलं. मोठ्या पाळकांनी भिंग मागितलं. मग खिडकीजवळची जागा मागितली. मग बराच वेळ काहीच मागितलं नाही.

“वहिनी,” ते शेवटी म्हणाले, आणि आवाजातला जडपणा कुठल्या कुठे गेला होता, “मी इतकी वर्षं अनंतकाळावर बोलतोय. तो असा हातात कधी घेतला नव्हता.”

“मग यांना इथून हलवू नका,” पाद्रीणबाई म्हणाल्या. “ती दुसरी जागा द्या कुणा तरुणाला.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, इथलीच आहे. बडबडेन आणि राहीन.”

बाबा परत आले तेव्हा मोठे पाळक बुटक्या स्टुलावर बाह्या सरसावून बसले होते आणि पाद्रीणबाई त्यांना ब्रश कसा धरायचा ते शिकवत होत्या. बदलीचा विषय त्या दिवशी संपला तो संपलाच.

कोरड्या घरात एक तरुण पाद्री राहायला गेला. पाद्रीणबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, नातवाला डोळे भरून बघितलं आणि परत आल्या. खोकला गेला नाही, ओली भिंत वाळली नाही, आणि त्या भिंतीवरून नवऱ्याला बोलणं त्यांनी जन्मभर सोडलं नाही. बाबा शेवटपर्यंत मोरीत बसले. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आतून गुलाबी असलेले ते शिंपले संग्रहालयात काचेखाली आहेत. समोर उभं राहिलं की चांगली मोठी माणसंसुद्धा काचेला नाक लावतात.

राहता राहिली अफवा. ती दूधवालीने पसरवली असं सगळा गाव मानतो. दूधवालीला ती सांगितली होती पाद्रीणबाईंनी. बदली व्हावी म्हणून.