गुंड माहेरी गेला

"गुंड माहेरी गेला जी," असं माझी शेजारीण हसत म्हणायची अन् नळाखाली पत्र्याचा डबा लावायची.

लकडगंजच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पाणी भरायच्या तिच्या पितळी गुंडाचं माहेर म्हणजे इतवारीतल्या सावकाराचं दुकान. डाळमिलमधलं निवडायचं काम थांबलं की गुंड गहाण, काम लागलं की घरी. भरलेल्या व्याजात नवाकोरा गुंड आला असता. मी चिडायचे, "काहून वं, चार पैसे बाजूला नाही टाकत?"

"टाकू कुठं बाई? घरात ठेवलं त खर्चूनच जाते."

नवरा आधीच गेलेला. त्या वर्षी एकुलत्या एका पोरीच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात खाट फुकट, पण सुया बाहेरून आणायच्या. गुंड गेला, परात गेली, मग गहाण टाकायला घरात काही उरलंच नाही.

चौकात नवी बँक उघडली होती. गरिबांना कर्ज देते म्हणत. माझं तिथं खातं होतं, जामीन राहायला मी तयार होते. रस्ताभर तिला पढवत नेलं, "दवाखान्याचं नाव काढू नको. भाजीच्या ठेल्यासाठी पाहिजे म्हण." ती "हो जी, हो जी" करत आली.

साहेब भला माणूस. त्यांनी विचारलं, "पैसे कशाला पाहिजेत, बाई?"

"पोरगी बिमार आहे जी. सुया घ्याच्या हायेत."

मी कपाळावर हात मारला. साहेबही अवघडले. "औषधपाण्याला नाही देता येत हो. धंद्यासाठी असतं ते."

"पोरगी बरी झाली का करतो ना जी धंदा."

बाहेर आल्यावर मी भडकलेच. "एक शब्द खोटा बोलली असतीस तर जीभ झडली असती का वं?"

"लेकराच्या दवाईसाठी खोटं बोलाचं? मले भेव वाटलं बाई. तिलेच बाधलं असतं."

मी तणतणत पुढं निघाले, ती माझ्या मागून.

पोरगी पोळ्याआधीच गेली.

दिवाळीनंतर साहेब स्वतः गल्लीत आले. त्यांच्या मनाला लागून राहिलं असावं. म्हणाले, "बाई, ठेल्याचं कर्ज करून देतो. जामीनही नको, फक्त अंगठा द्या."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता नको जी साहेब. आता घरी कोनी बिमार नाही."

साहेब परत फिरले. मी तिच्या दारातच बसून रडले, अन् ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.