वाक्यात उपयोग

काकांच्या खिशात दोन लाल पेनं. एक चालणारं, एक सवयीचं. औषधाच्या बाटलीवरचा कागद आधी शुद्धलेखनासाठी वाचायचा, मग किती घ्यायचं ते बघायचं. चहा पिताना प्रूफ पालथं ठेवायचं. आणि पानाच्या शेवटच्या ओळीवर आलं की कोणाशी बोलायचं नाही, कोणी बोललेलं खपवून घ्यायचं नाही.

छापखान्यात काकांना सगळे खोडरबर म्हणत. एकतीस वर्षं प्रुफं तपासली. साधा अनुस्वार नजरेतून सुटायचा नाही. शेजारच्या टेबलावर टायपिंग करणारी मुलगी साहित्यात एम.ए. झालेली, म्हणून ती एमेबाई.

मुलांच्या एका पुस्तकात तिनं टाइप केलं होतं, ‘मुलं बर्फाच्या टेकडीवर स्लेडिंग करत होती.’ काकांनी लाल पेनानं ‘स्लेजिंग’ केलं.

“क्रिकेट बघत नाही वाटतं, एमेबाई? समोरच्याला चिडवतात ते स्लेजिंग.”

आपला शब्द बरोबर आहे हे तिला माहीत होतं. पण खोडरबरची चूक काढणार कोण? तिनं निमूटपणे बदल केला.

पुस्तक छापून झालं. पहिली प्रत काकांनी नातीला नेली. दुसऱ्या दिवशी आले ते चेहरा पाडून. नातीनं विचारलं होतं, एकमेकांना चिडवायला ही मुलं बर्फात कशाला गेली? मग सुनेनं मोबाइलवर दाखवलं : स्लेडिंग, पोरं लाकडी गाडीवर बसून बर्फाच्या उतारावरून सुसाट निघाली होती.

“तुला ठाऊक होतं?”

तिनं मान खाली घातली.

“मग बोलायचंस की गं.”

मालकांचं म्हणणं, एवढं कोण बघतंय? गठ्ठे तयार आहेत, टेम्पो चारला निघणार. काका हटून बसले. शेवटी मालक नमले : दोनपर्यंत चिठ्ठी लिहून द्या, छापून प्रत्येक प्रतीत घालू. शाळेतल्यासारखी, अर्थ आणि वाक्यात उपयोग.

काका लिहायला बसले. दीडला तिनं पाहिलं तर डोकं टेबलावर टेकलेलं. शेवटच्या ओळीवर असतील, म्हणून ती बोलली नाही. पावणेदोनलाही नाही.

दोनला हाक मारली. डॉक्टर आले, त्यांनी फक्त मनगट धरलं आणि सोडलं.

टेम्पो चारला निघाला.

चिठ्ठी तिच्याकडे आहे. ‘स्लेडिंग : घसरगाडीवर बसून बर्फाच्या उतारावरून खाली जाणे. एकदा निघाल्यावर थांबता येत नाही.’ दुसरं वाक्य लाल पेनानं खोडलेलं. त्याखाली ‘वाक्यात उपयोग’, मग दोन टिंबं, आणि पुढे कोरा कागद.