विचारायचं राहिलेलं घर

"विकायला नाय आले, विचारायला आलेय!" दार उघडायच्या आधीच ताई ओरडायच्या. पाटीवर गुजराती नाव दिसलं की हेच हिंदीत, आणि आवाज दुप्पट.

आम्ही दोघं सर्व्हेवाले. तरुण पोरं कोणता शाम्पू लावतात, कसले बूट घेतात, हे घरोघर विचारून फॉर्म भरायचे. माझ्या तोंडावर दारं आपटायची. ताईंना लोक आत बसवून पोहे खाऊ घालायचे. खोटं वाटेल तुम्हाला, पण भाईंदर पश्चिमेला एका बिल्डिंगमधला चावरा कुत्रासुद्धा त्यांच्यापुढे आपला वयोगट सांगायला उभा राहायचा. एका पोराने बिस्किटांबद्दल बोलता बोलता आपलं अख्खं प्रेमप्रकरण सांगितलं, आणि ताईंनी ते 'इतर' या रकान्यात नीट लिहिलंही!

"अहो, हे कशाला?" मी म्हटलं.

"कुणीतरी विचारलं म्हणून बोलला ना तो? मग गाळू कसं?"

आमच्या धंद्यात एक नियम असतो. सर्व्हेवाल्याच्या स्वतःच्या घरी सर्व्हे करायचा नाही. ताईंची एकोणीस वर्षांची लेक भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वस्तीतल्या घरी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची. "आमचं घर नियमात बसत नाय," ताई हसून सांगायच्या.

मग ऑफिसने नवंच काम काढलं. पोरं नेटवर जे उघड लिहितात ते, नावं गाळून, छापून आमच्यापुढे यायचं. आम्ही त्याची वर्गवारी करायची. एका शनिवारी सकाळी प्रवासी बॅगांवरचे अभिप्राय आले. ताई मोठ्याने वाचायला लागल्या.

"'बॅग एकदम भारी. चाकांचा आवाज शून्य. या शनिवारी संध्याकाळी घरातून निघतेय, शेजारच्या दुर्बीणकाकूंनाही पत्ता लागणार नाही. आई अख्ख्या भाईंदरला काय आवडतं ते विचारते. मला विचारायचं राहिलं. पाच स्टार.'"

मी खो खो हसलो. ताई हसल्या नाहीत. त्यांनी मधली ओळ पुन्हा वाचली.

"दुर्बीणकाकू हे नाव फक्त आमच्या घरात आहे," त्या म्हणाल्या.

मी हातातले कागद टेबलावर टाकले. तो शनिवार आजचाच होता. रिक्षाचं विमान करून आम्ही इंद्रलोक गाठलं. पोरगी बॅगेची चेन लावत होती. दहा हजार दारं बोलती करणाऱ्या बाईला स्वतःच्या दारात शब्द फुटेना.

"ओरड ना, आई," पोरगी म्हणाली.

"कुठं चाललीस?"

"नाशिकला. बूट डिझाइन करायचा कोर्स आहे. तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. आत्ताही म्हणतेय." ताई लादीवर बसल्या. "पण आधी सांग, बूटच का?"

पोरगी बॅगेवर बसली आणि सुरू झाली. टाचा, तळवे, चामडं, शिलाई, बापरे! मी तीनदा चहा केला. ताईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

सोमवारी त्या कामावर आल्या नाहीत. दुपारी मी फोन लावला.

"नाशिकला आहे हो," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी खोली बघतोय. हिला रस्त्याकडची खिडकी लागते. मला माहीतच नव्हतं."