ग्लुकोज लावू नका

वाढपी जिलेबीचं ताट घेऊन आला की तो आपल्या पानावर दोन्ही हात आडवे धरायचा आणि म्हणायचा, "गोड नको. उद्या उठायचंय."

असा एखादा माणूस तुम्हीही पंगतीत पाहिला असेल. त्याला शुगर आहे असं आपण समजतो, नाहीतर शिष्ट समजतो. आम्ही दोन्ही समजलो. येलदरी धरणावर तो दरवाज्यांचा ऑपरेटर होता आणि मी तिथल्याच ऑफिसात क्लार्क. वयानं मी मोठा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचो. तो मला भाऊसाहेब म्हणायचा. "उद्या आम्हालाही उठायचंय की रे," म्हटलं तर नुसता हसायचा.

कामाला मात्र पक्का. दरवाजा उचलायचा हुकूम आला की आधी भोंगा वाजवणार, मग नदीपात्रात कोणी मासे धरायला उतरलंय का ते स्वतः बघून येणार, आणि मगच बटण दाबणार. फोनवर साहेब कितीही तापलेले असोत, हा म्हणायचा, "माणूस हाय पाण्यात. थांबा जरा."

माझ्या घराची वास्तुशांत होती. मंडपाचे बांबू, सतरंज्या, पाण्याचे ड्रम, सगळं त्यानं सकाळपासून उचललं. तो जेवायला बसला तेव्हा जिलेबी घेऊन मीच समोर उभा राहिलो. आग्रह करण्यात मी कुणाला हार जाणारा नव्हे. "माझ्या घरचं नको म्हणतोस? मग मी पण जेवत नाही," म्हणालो. त्यानं माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि पानावरचे हात काढून घेतले. मी चार वाढल्या, वर आणखी दोन. त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, हे उठंनात."

जाऊन बघतो तर गडी खाटेवर पडलेला. डोळे उघडे, बोलणं नीट, पण हात हलेना, पाय हलेना. "लकवा न्हाई, भाऊसाहेब. दुपारपर्यंत उतरंल," म्हणाला. ऐकतो कोण? आपल्याकडे अंगात ताकद नाही म्हटलं की सलाईन. बाटली लावली नाही तर लोक डॉक्टर बदलतात. शेजाऱ्यांना घेऊन मी त्याला जीपमध्ये घातलं, एका दवाखान्यात नेलं, आणि वर डॉक्टरला मीच शहाणपण शिकवलं, "ग्लुकोजची मोठी बाटली लावा. काल लय राबलाय."

अर्धी बाटली गेली आणि त्याची मान पडली. श्वास अपुरा पडायला लागला. तो पुटपुटला, "काढा ती. बाप असाच गेला." मी घाबरून ओरडलो, कंपाउंडरनं सुई काढली, आणि तसंच त्याला परभणीला पळवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. पोटॅशियम पार तळाला गेलं होतं आणि ग्लुकोजनं ते आणखी खाली ओढलं होतं. औषध सुरू झालं, तेव्हा कुठे संध्याकाळी तो उठून बसला.

तेव्हा त्यानं बापाचं सांगितलं. बापही सणाच्या दुसऱ्या दिवशी असाच पडून राहायचा. एकदा त्याला दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही. "सलाईन चालूच व्हती, भाऊसाहेब. लोक म्हणले, सलाईनला उशीर झाला."

सहा जिलेब्या आणि एक बाटली. दोन्ही माझ्या हातच्या. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि अजून वाटते.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त मोठ्या शहरात जनुकाच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आला तो वाचून त्यानं आम्हाला चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं. "स्नायूच्या पेशीला बी दरवाजे असतात. त्यातून क्षार आत-बाहेर करतात. माझ्या एका दरवाज्याचा नकाशाच जन्मापासून चुकलाय, तिथनं गळती हाय. लय राबून वर गोड खाल्लं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, मग पेशी हुकूमच घेत न्हाई."

"मग दुरुस्ती काय?"

"दुरुस्ती न्हाई. पातळी बघून राहायचं."

पण हा चुकलेला नकाशा मुलांकडे जाऊ शकतो, निम्मी शक्यता. त्याला एकच मुलगी. तिची तपासणी केली, तिच्यातही तेच निघालं. बायकांमध्ये पुष्कळदा हा दोष निपचित राहतो, पण भरवसा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्याला एकच घोर लागला. ही लग्न होऊन जाईल, आणि कधीतरी तिथले लोक मायेनंच तिला ग्लुकोज लावतील.

मानवतचं स्थळ आलं. त्याची बायको म्हणाली, "तिला आजवर काही झालं न्हाई. कशाला सांगता? मोडंल." मीसुद्धा म्हणालो, लग्नानंतर सांग. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी तरी असं बोलू नका."

बैठकीत चहा झाल्यावर त्यानं झेरॉक्सचे कागद वाटले. वर मोठ्या अक्षरात, 'हिचे हातपाय लुळे पडले तर ग्लुकोज लावू नका.' खाली परभणीच्या दवाखान्याचा नंबर. मुलाचा बाप पंख्याकडे बघत बसला. मुलाची आई दाराशी बसली होती. तिनं कागद सावकाश वाचला आणि विचारलं, "ग्लुकोज न्हाई, मग द्यायचं काय?"

तो उठून तिच्यासमोर जाऊन बसला. कोणतं औषध, किती, कशात मिसळून, सगळं तिला दोनदा सांगितलं. परतताना एसटीत मला म्हणाला, "पोरगी त्या बाईच्या हाती दिली मी."

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तो गेला. या दुखण्यानं नाही. जिंतूर रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रॅक्टरनं उडवलं. आम्ही पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं.

परवा दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला. नणंदेच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठताच येईना. घरात पाहुणे, जो तो म्हणतोय दवाखान्यात न्या, बाटली लावा. सासूनं दारात आडवं उभं राहून कुणाला हात लावू दिला नाही. कपाटातलं औषध काढलं, मोजून पाजलं आणि परभणीला फोन लावला.

"आता कशी आहेस?" मी विचारलं.

"चालायलेय, काका. हे बाबांना सांगायचं व्हतं. बाबा न्हाईत, म्हणून तुमाला सांगायलेय."