मच्छिंद्रच्या ओठावरचं ऊन

आष्टीकडच्या लग्नांत परण्या निघतो तो ऐन उन्हाच्या तोंडावर. नवरदेव घोड्यावर, मागं बायका, पुढं बँड. नवरदेवाला दर्शनाला न्यायचं ते मारुतीचं देऊळ हाकेच्या अंतरावर असलं तरी नाचणारी पोरं तिथवर लवकर पोचू देत नाहीत. या सगळ्यांच्या पुढं ट्रंपेट घेऊन मच्छिंद्र चालायचा. लाल कोट, सोनेरी झालर आणि त्या कोटात सायीसारखा पांढरा माणूस. भुवया असून नसल्यासारख्या, डोळे उन्हानं मिटत आलेले आणि सारखे हलणारे. परगावचे पाव्हणे विचारायचे, "ह्यो इंग्रज कुठून आणला रे?" आणि मोबाइल काढून त्याच्या शेजारी उभे राहायचे.

मच्छिंद्रचे आईबाप दोघंही काळेसावळे. त्याच्या अंगात रंगच तयार होत नव्हता, जन्मापासून. पण गावाला पांढऱ्या कातडीचा एकच अर्थ माहीत होता, कोड. आई दारोदार सांगून थकली की हे कोड नाही, पोरगं जन्मलंच असं. शाळेत त्याला फळा दिसायचा नाही आणि गुरुजींना वाटायचं, पोरगं मठ्ठ आहे. डोळे तपासायला आलेल्या एका डॉक्टरानं एकदा सांगितलं, "नजर अशीच राहणार. कातडीला मात्र ऊन सांभाळा." ऊन सांभाळायचं म्हणजे काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. परतूर तालुक्यात राहून माणूस उन्हापासून लपणार तरी कुठं?

बँडचे मालक बदरोद्दीनभाई त्याला सूरजमुखी म्हणायचे, त्यांच्या बोलीत अशा पांढऱ्या माणसाला तेच नाव. कानावर पडलेली चाल मच्छिंद्र एका ऐकण्यात उचलतो, हे त्यांनीच पहिल्यांदा हेरलं. त्यांनी त्याच्या हातात ट्रंपेट दिलं आणि पुढं काही वर्षांतच गोरा मास्टर ही बँडची ओळख झाली. लोक बँड ठरवायला आले की आधी विचारत, "गोरा मास्टर येतो ना?" दर उन्हाळ्यात त्याचं नाक भाजायचं, कान सोलून निघायचे, पावसाळ्यात पुन्हा बरे व्हायचे. हे आपलं असंच, असं तो धरून चालला होता.

पस्तिशी ओलांडल्यावर मात्र सोललेलं काही ठिकाणी बरं होईना. आरशात त्याला नीट दिसायचं नाही, पण तोंड धुताना बोटाला लागायचं. नाकाच्या दांडीवर, कानाच्या कडेला, कपाळावर बारीक खरखर, पॉलिशपेपरवरून बोट फिरवल्यासारखी. नखानं खपली काढली की चार दिवस गुळगुळीत, मग पुन्हा तीच. डाव्या हातावर एक जाड, टणक डाग आला होता आणि तो दाबला की दुखायचा. खालचा ओठ कायम कोरडा, पांढरट. ओठ कुठं संपतो आणि कातडी कुठं सुरू होते, ती रेघच पुसल्यासारखी झाली होती.

बायको भावनानं ते पहिल्यांदा बोलून दाखवलं. "दवाखान्यात जा म्हनून राह्यले मी. किती दिस सांगू?"

तो गेला. गावातल्या डॉक्टरनं खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाला, "कोडावर असं होतंच."

"डॉक्टरसाहेब, कोड न्हाई हे. जन्मापासून हाय."

"तेच ते," डॉक्टर म्हणाला आणि गजकर्णाचं मलम लिहून दिलं. मलमानं काही झालं नाही. दुसऱ्यानं विचारलं, "गुटखा किती खातो?" मच्छिंद्रचं डोकंच फिरलं. वाजवणाऱ्याला दम लागतो म्हणून त्यानं साधी सुपारीही कधी तोंडात टाकली नव्हती. तिसऱ्यांदा तो डॉक्टरकडं गेलाच नाही, मेडिकलमधून ट्यूब आणली. तिनं लाली उतरली. महिनाभर त्याला वाटलं, सुटलो. मग लाली परतली ती जास्तच. गोजरबाई म्हणून एक शेजारीण होती, ती म्हणाली, बिब्बा घाल. बिब्ब्यानं कपाळावर असा फोड उठला की भावनानं तिच्याशी बोलणंच टाकलं.

त्याला सगळ्यात जास्त चीड यायची ती एका गोष्टीची. लोक त्याच्याकडं बघायचे खूप, पण पाहायचं कुणीच नाही. पांढरा रंग दिसला की त्यांची नजर तिथंच थांबायची. त्या पांढऱ्यावर काय उगवलंय, ते बघायला कुणी खाली वाकायचं नाही.

अशातच जालन्यात एका लग्नाची सुपारी होती. परण्या मंगल कार्यालयाच्या फाटकाशी पोचला. मच्छिंद्र घाम पुसत भिंतीच्या सावलीला टेकला, तेवढ्यात पाव्हण्यांतली एक बाई सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात मोबाइल होता.

"फोटो न्हाई काढू देणार मी," तो तिरसटला. "लई झाले आज."

"फोटो नको," ती म्हणाली. "कान बघू द्या तुमचा."

त्यानं मान वळवली. तिनं बोटाच्या टोकानं त्याच्या कानाची कड चाचपली, मग नाक, मग ओठाकडं बराच वेळ पाहिलं. "मी डॉक्टर महजबीन. कातडीचीच डॉक्टर आहे. हे किती दिवसांपासून आहे?"

"लई दिवस झाले. कोड न्हाई हे," सवयीनं तो बोलून गेला.

"माहितीय मला, कोड नाही ते. तुमच्या कातडीत रंग नाही, म्हणून ऊन थेट आत जातं. हे उन्हाचे डाग आहेत. दवाखान्यात या. लांबवू नका." तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं. जालन्यातलाच धर्मादाय दवाखाना होता.

पण तेव्हा लगीनसराई ऐन भरात होती. बदरोद्दीनभाई म्हणाले, "बेटा, सीझन निघून जाऊ दे, मंग बराबर दाखवू." मच्छिंद्रलाही ते सोयीचं वाटलं. एका परण्यात मात्र उंच सूर लावताना ओठ फुटला आणि ट्रंपेटच्या तोंडाला रक्त लागलं. त्यानं कोटाच्या बाहीनं पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा रक्त आलं. मागचे वाजवत राहिले आणि नाचणाऱ्या पोरांना काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी भावनानं त्याला विचारलंच नाही, सरळ जालन्याच्या एसटीत बसवलं.

दवाखान्यात रांग दाराबाहेर उन्हात होती. उन्हानं आजारी पडलेल्या माणसानं उन्हात उभं राहून नंबर लावायचा, याला काय म्हणावं! भावनानं त्याच्या डोक्यावर पदर धरला तर मागची दोन माणसं हसली. आत गेल्यावर डॉक्टर महजबीननं दिवा लावलेलं भिंग डागांवर टेकवून एकेक डाग पाहिला, बोटानं चाचपला आणि पेनानं भोवती गोल काढले. गोल संपेचनात.

"कॅन्सर हाय का?" भावनानं विचारलं. मच्छिंद्रच्या जिभेवर तो शब्द येतच नव्हता.

"हे खरखरीत डाग म्हणजे कॅन्सर नाही. कॅन्सरच्या आधीची पायरी. बरेचसे असेच राहतात, एखादा पुढं जातो. कोणता जाईल ते वरून सांगता येत नाही, म्हणून सगळेच काढायचे. हातावरचा मात्र मला आवडलेला नाही. जाड आहे, दुखतो. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवू. ओठाचाही."

"ओठाचा तुकडा?" मच्छिंद्र उठूनच उभा राहिला. "मॅडम, मी वाजवतो. ओठावरच पोट हाय माझं."

"बारीक तुकडा घेते. भरून येईल."

तुकडे काढले, टाके पडले. बाकीचे डाग गार वायूनं जाळायचे होते. त्यासाठी सांगितलेल्या दिवशी तो आला तर नळकांडं रिकामं. नायट्रोजन आलंच नव्हतं. पुढच्या वेळी यायला सांगितलं, तेव्हाही आलं नव्हतं. आष्टीहून जालना, उन्हात रांग आणि शेवटी "आज नाही". मच्छिंद्रचा पारा चढला.

"नायट्रोजन म्हंजे ते गायी भरवायला डॉक्टर थरमासमध्ये आणतो तेच ना?" त्यानं विचारलं. "आमच्या गावात म्हशीला मिळतं आन् मला मिळंना व्हय?"

डॉक्टर महजबीनला हसू आलं, पण लगेच तिचा चेहरा पडला. "बरोबर बोललात तुम्ही," ती म्हणाली. तिनं त्याच्यासमोरच फोन लावला आणि पुरवठादाराला असं झापलं की बाहेरची रांग शांत झाली. पुढच्या खेपेला नळकांडं भरलेलं होतं. थंड फवारा बसला तो विंचू चावल्यासारखा. संध्याकाळपर्यंत फोड आले, आठवड्याभरात काळ्या खपल्या धरल्या आणि पडल्या. खाली गुलाबी, मऊ कातडी होती. भावनानं त्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा नुसतीच हसली.

खरा वैताग पुढं होता. जे दिसत नव्हते पण आत मुरले होते, अशा डागांसाठी तोंडावर आणि ओठावर लावायला मलम दिलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, लाल होईल, सोलून निघेल, तुम्हाला वाटेल की बिघडलं. तरी थांबवायचं नाही. ते ऐकणं वेगळं आणि सोसणं वेगळं. दुसऱ्या आठवड्यात त्याचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. जिथं साधी कातडी वाटत होती, तिथंही लाल ठिपके उमटले. ओठ सुजला, भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. ट्रंपेट खुंटीला टांगलेलं राहिलं. गोजरबाई दारातून ओरडून गेली, "बिब्ब्याला नावं ठिवली, आता बग!"

त्यानं ट्यूब उकिरड्यावर भिरकावली. भावनानं ती शोधून आणली, पुसली आणि डॉक्टरला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"मॅडम, वाढून राह्यलं हे!"

"वाढत नाहीये. जे खराब आहे, तेच जळतंय. चांगल्या कातडीला त्याचं फारसं काही होत नाही. जिथं लाल झालं, तिथं आत होतंच ते. अजून थोडे दिवस."

तो थोडे दिवस थांबला. पाव्हणेरावळे आले की मागच्या खोलीत जाऊन बसायचा.

हाताचा निकाल आला. कॅन्सर कातडीच्या वरच्या थरातच होता, खाली उतरला नव्हता. तेवढा भाग बधिर करून तो सगळा काढला आणि टाके घातले. ओठाचा तुकडा अजून कॅन्सरच्या अलीकडच्या पायरीवरच निघाला. "अजून वर्षभर ढकललं असतं तर हे एवढ्यावर भागलं नसतं," डॉक्टर म्हणाली. तोवरचे सगळे दवाखाने, ती गजकर्णाची मलमं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला संताप. हे एवढं सोपं होतं, नुसतं वाकून बघायचं होतं, तर इतकी वर्षं कुणी का बघितलं नाही?

तोंड बरं झालं तसा तो बदरोद्दीनभाईंकडं गेला. रुंद काठाची टोपी घातलेली, पूर्ण बाह्यांचा सदरा.

"भाई, आता उन्हात पुढं चालणं न्हाई जमायचं. गाडीत बसून वाजवतो." बँडची गाडी होती, छत असलेली. तिच्यात मिथुन कीबोर्ड घेऊन सावलीत बसायचा.

बदरोद्दीनभाईंनी कपाळ चोळलं. "अरे, लोक तुला बघायला बँड लावतात. गाडीत बसला तर दिसणार कोण?"

"बघायला?" मच्छिंद्रचा आवाज चढला. "म्या इतकी वर्षं काय वाजवलं ते एकदा तरी कुणी ऐकलं का भाई? का नुसता पांढरा माणूस बघितला?"

म्हातारा म्हणाला, "मैंने सुना है. तुला ठेवलं ते ऐकूनच." पण गाडीचं लगेच मान्य केलं नाही. दोन लग्नं मच्छिंद्र घरीच बसला. त्या दोन्ही लग्नांत वाजवणं इतकं फुसकं झालं की लोकांनी तोंडावर सांगितलं. मग माईक गाडीत बसवला गेला.

आता तो सावलीत बसून वाजवतो. ओठाला पूर्वीचा दम अजून आलेला नाही, वरचे सूर निसटतात आणि त्याचा त्याला राग येतो. परण्यात कुणीतरी ओरडतंच, "गोरा मास्टर कुठाय? बाहेर काढा त्याला!" मिथुन खिडकीतून हात हलवून सांगतो, ऐका नुसतं.

मागच्या महिन्यात तपासणी होती. भिंग पुन्हा फिरलं. उजव्या कानामागं एक, मानेवर एक, नवे.

"पुन्हा?" मच्छिंद्र म्हणाला. "टोपी घालतो, ते क्रीम लावतो, सावलीत बसतो. मंग कधी संपायचं हे?"

"जुन्या उन्हाचे आहेत हे. लहानपणापासूनचं ऊन साठलंय आत, ते वर येत राहणार. पूर्ण संपेल असं मी सांगणार नाही. तुम्ही येत राहायचं, मी पकडत राहायचं. हे बारीक आहेत, आत्ता होऊन जाईल." फवारा बसला. त्यानं दात आवळले, पण या वेळी शिवी तोंडातच ठेवली.

परतीच्या एसटीत दोघांना जागा मिळाली ती उन्हाच्या बाजूची. भावनानं पलीकडच्या कॉलेजच्या पोराला विचारलं, "बाळा, जागा बदलतो का? ह्यांना ऊन चालत न्हाई." पोरानं आधी मच्छिंद्रकडं टक लावून पाहिलं, मग पोरगं उठलं. मच्छिंद्र त्याच्या जागेवर खिडकीपासून दूर सरकून बसला, टोपी मांडीवर घेतली. गाडी वळली तसं ऊन त्याच्या गुडघ्यावर आलं. तो पुटपुटला आणि उठून परत पलीकडं, आधीच्या जागेकडं निघाला.