शिपायमामांची सात-वीसची गाडी

शिपायमाम बसला शिव्या घालायचे, पण त्या ती येण्याआधी. वळणावर बस दिसली की गप्प व्हायचे आणि ती दारात पुरती थांबायच्या आधी आत शिरायचे. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी मला म्हापशाला नोकरी लागली आणि कोरगावच्या सात-वीसच्या गाडीत त्यांच्या शेजारची जागा मिळाली. ते म्हापशातल्याच एका कचेरीत शिपाई होते. खरं नाव मी कधी विचारलंच नाही.

त्या दिवसांत गाडीत मराठी-कोकणीवरून रोज जुंपायची. माम डोळे मिटूनच म्हणायचे, "भास खंयचीय करा, पण गाडी वेळार सोडा." मग भांडणारेही हसायचे.

"रिटायर झालंय काय ह्या गाडयेचां तोंड बगूचंय नाय," हे त्यांचं रोजचं पालुपद. त्या प्रवासाला मीही इतकी विटले होते की मला त्यांचा हेवा वाटायचा. अखेर ते निवृत्त झाले. आम्ही गाडीतच त्यांच्या हातात नारळ दिला.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरने, म्हणजे आमच्या पात्रांवने, सवयीने त्यांच्या दारात गाडी थांबवली. सगळे हसलो. तेवढ्यात मामी डब्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. "मात्शे रावा. ते कपडे करतत," म्हणत त्यांनी गाडी थांबवून धरली. मग माझ्या खिडकीशी येऊन हळूच सांगितलं, "तीन दीस सोप्यार बसान आसत, बाय. धड जेवूक नाय. मीच धाडतंय."

माम इस्त्रीचा शर्ट घालून आले, माझ्या शेजारी बसले. कोलवाळचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "बाय, म्हापशाक उतरान मी खंय जावू?"

म्हापशाला सगळे नेहमीसारखे पांगले. मस्टरवर सही करायची म्हणून मीही धावले. कोपऱ्यावरून मागे पाहिलं, तर माम पिशवी धरून स्टँडवर उभे होते, आम्ही गेलो त्या बाजूला बघत.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा थांबली. मामींनी दारातूनच हात हलवला. "नको म्हणतत. म्हणतत, थंय आता माजां कोण नाय."

पात्रांवने गाडी पुढे काढली. आदल्या दिवशी मी पाच मिनिटं उशिरा गेले असते तर काही बिघडलं नसतं. स्टँडवर त्यांच्याबरोबर एक कप चहा घ्यायला हवा होता, एवढंच. ते मला अजून सलतं.