अठ्ठाविसाव्या वर्षी एमबीबीएसला

मंडळी, आज दुपारी माझी एमबीबीएसची ॲडमिशन पक्की झाली. सरकारी कॉलेजात!

कागदपत्रांच्या रांगेत मी मायसोबत उभी होते. खिडकीतले क्लार्क मला म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचं. विद्यार्थी कुठंय?"

"सर, विद्यार्थी मीच हाय."

त्यांनी फाईल चाळली. बी.एस्सी.ची डिग्री, दूध सोसायटीतल्या नोकरीचा दाखला. "नोकरी होती, मग परत पहिल्यापासून कशाला?"

मी खरं ते सांगितलं. मांजरसुंब्याजवळच्या आमच्या गावात मी दुधाचं फॅट तपासायचे. दुष्काळात जनावरं चारा छावणीत गेली, दूध निम्म्यावर आलं, तरी बाया कॅन घेऊन चालत यायच्या. सातव्या महिन्यातली शेजारीण माझ्यासमोरच चक्कर येऊन पडली. दुधातलं मला सगळं कळत होतं, तिला काय झालंय ते कळेना. गाडी मिळून बीडचा दवाखाना गाठेपर्यंत दोन तास गेले. ती वाचली, बाळ न्हाई.

त्याच आठवड्यात मी नीटची पुस्तकं आणली. सकाळचं आन् संध्याकाळचं दूध घेण्याच्या मधल्या रिकाम्या वेळात सोसायटीतच अभ्यास केला. दोनदा नंबर लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

क्लार्कनी शिक्का मारला. मायनं मोठ्यानं विचारलं, "आता हिला कुणी काढणार न्हाई ना?"

सगळी रांग हसली. क्लार्क म्हणाले, "न्हाई मावशी, आता डॉक्टर होऊनच बाहेर येतील."

माय लई रडली. मीपण.

सोमवारी वर्गात माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोरं असतील. तुमच्यापैकी कुणी असं उशिरा पुन्हा कॉलेजात गेलंय का? पहिल्या दिवशी कुठं बसलात? मी तर पहिल्याच बाकावर बसणार हाय.